घाटातलं जंगल तुटलं, भरपाई आमच्या माळावर. हा हिशोब कुणी मांडला?

माळावरचा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

आमचं गाव पुरंदर तालुक्याच्या दुष्काळी अंगाला. गावाच्या वरच्या बाजूला गायरान आहे, आम्ही त्याला नुसता 'माळ' म्हणतो. गेल्या उन्हाळ्यात तिथे जेसीबी आला. आधी समतल चर काढले, मग तीन-तीन मीटरवर खड्डे घेतले. मिरगाच्या तोंडावर ट्रॅक्टर भरून काळ्या पिशव्यांतली रोपं आली. गिरीपुष्प सगळ्यात जास्त, मग सिसू, करंज, थोडा कडुनिंब. भोवतीनं तारेचं कुंपण झालं आणि वाटेच्या तोंडाशी फलक लागला: 'पर्यायी वनीकरण. क्षेत्र २५ हेक्टर. रोपे २७,७७५. चराईबंदी.' खाली एका रस्त्याच्या प्रकल्पाचं नाव. तो रस्ता आमच्यापासून दीडशे किलोमीटरवर, घाटात आहे. तिथलं जंगल तुटलं, त्याच्या बदल्यात आमचा माळ जंगल होणार.

मी शाळेत शिकवतो, सुट्टीच्या दिवशी दुर्बीण घेऊन हिंडतो. खड्डे काढायच्या आठवड्यात मी तिथे होतो. दोन खड्ड्यांच्या मधल्या उघड्या जमिनीवर धाविक पक्ष्याची दोन अंडी होती. धाविक घरटं बांधत नाही. अंडी मातीवरच, खड्यांत खडा होऊन पडलेली, पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. मी भोवती चार मोठे दगड मांडून खूण केली. दुसऱ्या दिवशी गेलो तर उपसलेल्या मुरुमाचा ढीग दगडांसकट सगळ्यावर पडलेला. मजुरांना बोल लावत नाही. इथे बघण्यासारखं काही आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

त्या माळावर पवन्या आणि कुसळी गवत गुडघ्याला लागतं. चंडोल, पखुर्ड्या, माळटिटव्या, खोकडाची बिळं. दोन वर्षांपूर्वी लांडग्याची मादी तीन पिल्लांसह पाहिली होती. पावसाळ्यात कोकणातून परतणारे धनगर इथे मेंढरं चारतात, त्यांचे आजे-पणजेही चारत होते. यंदा कुंपण बघून त्यांनी वाडा, म्हणजे मेंढरांसकट तळ, पुढे हलवला.

प्रश्न दोन. घाटातल्या जंगलाची भरपाई माळावर झाडं लावून होते, हे कोणत्या हिशोबाने ठरलं? आणि निसर्गाला किंमत लावून, ती वसूल करून निसर्ग वाचतो का? ज्यांना यातलं ठाऊक आहे त्यांनी लिहावं.

नीलपंख

धाविकाचा परिच्छेद वाचून पोटात कालवलं. नान्नजला माळढोक बघायला पहिल्यांदा गेलो होतो तेव्हा माळावर गिरीपुष्पाच्या सरळ रांगा पाहिल्या होत्या. माळढोकाला चारी दिशांना दूरवर मोकळं दिसावं लागतं. तिथे झाडांच्या भिंती. तेव्हापासून 'वनीकरण' शब्द ऐकला की मी आधी विचारतो, कुठे?

आनंदी_गोपाळा

थोडं वेगळं मत मांडतो. आमच्या गावात (माण तालुका) उन्हाळ्यात बसायला सावली नाही. अशा भागात कुणी स्वतःच्या पैशाने झाडं लावून देत असेल तर वाईट काय? माळ असाही ओसाडच असतो. पक्षी दुसरीकडे जातील.

निवृत्त_वनपाल

तीस वर्षं या खात्यात काढली, म्हणून आधी नियम सांगतो, मत नंतर.

१९८० च्या वन (संवर्धन) अधिनियमानंतर वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर केंद्राची परवानगी लागते. परवानगी देताना अट अशी की, जितकं वनक्षेत्र जाईल तितकीच बिगरवन जमीन द्या आणि तिच्यावर झाडं लावण्याचा खर्च भरा. केंद्राचे प्रकल्प असतील तर बिगरवन जमिनीऐवजी दुप्पट क्षेत्राच्या अवनत (विरळ झालेल्या) वनावर लागवड चालते. शिवाय गेलेल्या जंगलाचं 'निव्वळ वर्तमान मूल्य', म्हणजे ते जंगल पुढे जे देत राहिलं असतं त्याची आजची किंमत, भरायचं. हे मूल्य १९९५ पासून चाललेल्या गोदावर्मन खटल्यातून आलं. टी. एन. गोदावर्मन तिरुमुलपाद हे केरळातल्या निलांबूरचे. आपल्या भागातली वृक्षतोड थांबावी म्हणून ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि त्या एका अर्जातून देशभरातल्या जंगलांसाठी आदेश निघत गेले. पैसा जमा व्हायला लागला, पण तो खर्च करायची व्यवस्था २००६ पासून तात्पुरतीच होती. कॅम्पाचा, म्हणजे या पर्यायी वनीकरण निधीचा, कायदा २०१६ मध्ये झाला, नियम २०१८ मध्ये आले. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने राज्यांना ४७,४३६ कोटी रुपये दिले, त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला ३,८४४ कोटी आले.

आता मत. 'बिगरवन जमीन द्या' हे कागदावर सोपं आहे. शेतकऱ्याची काळी जमीन कोण देणार? मग उरतं काय, तर गायरान, पडीक, माळ. तुमचा माळ निवडला गेला तो तिथे जंगल होईल म्हणून नव्हे. तिथे सात-बारावर भांडणारं कुणी नव्हतं म्हणून.

रोपवन लावणाऱ्या माणसाकडे एकच मापपट्टी असते, जिवंत रोपांची टक्केवारी. मीही त्याच पट्टीने मोजत आलो. तपासणीला साहेब आले की रांगा मोजायच्या, मेलेल्या जागी नवं रोप लावायचं. खोकडाची बिळं किती होती आणि किती राहिली, असा रकाना मी ज्या नोंदवह्या भरल्या त्यांत नव्हता. गिरीपुष्प आम्ही लावायचो कारण ते गुरं खात नाहीत आणि मुरुमातही जगतं. टक्केवारी राखतं.

माळावरचा

वनपालकाका, मनापासून आभार. इतकं मोकळेपणानं खात्यातलं कुणी बोललेलं मी पहिल्यांदा वाचलं.

आनंदी_गोपाळा, गावाच्या सावलीचा मुद्दा मान्य. गावठाणात, ओढ्याकाठी, शाळेभोवती झाडं हवीतच, आम्हीही लावतो. पण 'पक्षी दुसरीकडे जातील' म्हणजे कुठे? खाली ऊस आहे, पलीकडे प्लॉटिंग. धाविकाला उघडी जमीन लागते आणि ती तालुक्यात आता मोजकीच उरली आहे.

हिशोबनीस

वनपालकाकांनी पैशाचं सांगितलं, मी लेखापरीक्षणाचं सांगतो. कॅगचा पर्यायी वनीकरणावरचा अहवाल २०१३ मध्ये आला, २००६ ते २०१२ या काळाचा. वनजमीन दिली त्याच्या बदल्यात १,०३,३८२ हेक्टर बिगरवन जमीन मिळायला हवी होती. प्रत्यक्षात मिळाली २८,०८६ हेक्टर, म्हणजे २७ टक्के. त्यावर वनीकरण झालं ७,२८१ हेक्टरवर. जे मिळायला हवं होतं त्याच्या ७ टक्के.

म्हणजे माळावर झाडं लावावीत की नाही हा वाद आपण घालतोय तो या सात टक्क्यांबद्दल. बाकीच्या ९३ टक्क्यांत जंगल गेलं आणि त्या जमिनीवर झाड आलं नाही, ७३ टक्क्यांत तर बदल्यात जमीनही मिळाली नाही.

अभियंता_सातारकर

दुसरी बाजू मांडतो, कारण मी ती जगलोय. रस्त्याच्या आखणीत २२ वर्षं काम केलं.

किंमत नव्हती तेव्हा काय होतं ते लक्षात घ्या. आखणीत शेत आलं तर मोबदला, मोर्चा, कोर्ट. जंगल आलं तर काहीच नाही. त्यामुळे रेघ आपोआप जंगलातून जायची. निव्वळ वर्तमान मूल्य आलं आणि आमच्या बैठकांमधली भाषा बदलली. आधी हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख असा दर होता, जानेवारी २०२२ पासून तो ९.५७ लाख ते १५.९५ लाख झाला. पैशापेक्षाही परवानगीला लागणारा वेळ जास्त बोचतो. एका कामात आम्ही दोन किलोमीटरचा वळसा घेतला, कारण जंगलातली मंजुरी यायला लागणारी वर्षं ठेकेदाराला परवडत नव्हती. त्या टेकडीवरचं जंगल आजही उभं आहे. ते कुणाच्या निसर्गप्रेमानं वाचलेलं नाही, खर्चानं वाचलंय. त्यामुळे किंमत लावणं म्हणजे निसर्ग विकणं, हे मला पटत नाही. किंमत शून्य होती तेव्हा तो फुकट जात होता.

मृण्मयी_क

अभियंता, वळशाचं उदाहरण आवडलं आणि तुमचं म्हणणं अर्धं पटलं. पण दर बघा. कितीही घनदाट जंगल असो, हेक्टरला जास्तीत जास्त सोळा लाखांच्या आत. पुण्याच्या कडेला एवढ्या पैशात दोन गुंठे बिगरशेती जागा मिळणं कठीण, आणि हेक्टर म्हणजे शंभर गुंठे. हजारो कोटींच्या प्रकल्पात ही रक्कम आखणी बदलायला लावेल असं नाही. तुमच्या कामातही टेकडी वाचवली ती वेळेने, दराने नव्हे. तुम्हीच लिहिलंय.

अभियंता_सातारकर

@मृण्मयी_क, खरं आहे, वेळेनेच. दर अजून चढा हवा, याला माझा विरोध नाही.

खाडीकाठ

मी कोळी, ठाणे खाडीच्या कडेचा. आमच्याकडे ही भरपाई तिवरांची होते.

तिवरं तुटतात तिथे भरती-ओहोटीचं पाणी आत-बाहेर करत असतं. मुळ्या चिखलातून सुईसारख्या वर आलेल्या असतात, त्यांच्यात निवट्या उड्या मारतो, चिंबोरी बिळं करते. माझी आई त्या बिळांत हात घालून चिंबोरी काढायची, कोणतं बीळ ताजं ते तिला तोंडावरच्या चिखलावरून कळायचं. ती जागा बुजली की तिच्यासाठी 'पाचपट तिवरं दुसऱ्या तालुक्यात लावली' याचा अर्थ काय? तिथल्या खाडीत दुसऱ्या गावच्या बाया आहेत.

दुसरी गोष्ट. तिवर जिथे वाढायला हवं तिथे बहुतेक ठिकाणी ते आपणहून वाढतं. लावायला रिकामी जागा म्हणून निवडतात ती ओहोटीला उघडी पडणारी चिखलाची मैदानं. पण रोहित (फ्लेमिंगो) आणि ते लहान चिखलपक्षी नेमके तिथेच चरतात. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत नाव लागलं, ते याच चिखलामुळे. चिखलावर झाडं लावली की आकडा भरतो आणि पक्ष्याचं ताट जातं. तुमच्या माळाची आणि आमच्या चिखलाची कथा एकच आहे, मास्तर.

बुलेट ट्रेनच्या वेळचा एक आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. आधी ५३,४६७ तिवरं तोडायची म्हणत होते. आखणीत बदल केले तेव्हा आकडा २१,९९७ वर आला आणि त्याला उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी दिली. म्हणजे एकतीस हजार तिवरं न तोडताही ट्रेन जाणारच होती. सगळं भांडण आधी या एकतीस हजारांसाठी करायचं असतं.

मृण्मयी_क

@खाडीकाठ, शेवटचा परिच्छेद प्रत्येक जनसुनावणीत वाचून दाखवावा असा आहे. शास्त्रात याची उतरंड ठरलेली आहे: आधी नुकसान टाळा, टळत नसेल तर कमी करा, झालेलं जागेवरच सावरा, आणि एवढं करून जे उरेल त्याचीच भरपाई दुसरीकडे करा. आपल्याकडे फाईल शेवटच्या पायरीपासून उघडते.

सडेकर

माका आमच्या सड्याचा सांगूचा हा, पण सगळ्यांक समजाक व्हया म्हणान प्रमाण मराठीत लिहितंय. :)

कोकणातला सडा म्हणजे कातळ. आठ महिने काळा, तापलेला, बघणाऱ्याला मेलेला वाटतो. पहिला पाऊस झाला की कातळाच्या खळग्यांत पाणी साचतं आणि पंधरा दिवसांत त्यावर दिपकाडी उगवते, पांढरी, वाऱ्यावर हलणारी. मग सीतेची आसवं, तेरडा, इवल्या इवल्या कीटकभक्षी वनस्पती. मातीचा थर बोटभर. तिथे झाड लावायचं म्हणजे कातळ फोडावा लागतो. आमच्या शेजारच्या गावात फोडला आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली. ती जगली, जोमात. तिचा पाला कुजत नाही, खाली गवतसुद्धा येत नाही. ज्या डबक्यात आम्ही लहानपणी बेडकांची पिल्लं धरायचो ते पाल्यानं भरलंय. सरकारदरबारी तो सडा आता हिरवा आहे.

कास पठाराला २०१२ मध्ये जागतिक वारसा मिळाला तेव्हा आम्हाला वाटलं, आता तरी सड्याला लोक पडीक म्हणणार नाहीत.

आनंदी_गोपाळा

सडेकर, दिपकाडी गुगलून पाहिली. काय देखणं फूल आहे! मी वर 'ओसाड' लिहिलं होतं तो शब्द मागे घेतो. आमच्या माणच्या माळावर काय काय आहे ते मी कधी वाकून पाहिलेलंच नाही.

कुसुमाग्रणी

अवांतर: माळावरच्या मास्तरांनी 'कुसळी' लिहिलं आणि आठवलं, 'दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, पण स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही' यातलं कुसळ असलंच. लहानपणी शाळेच्या वाटेवर पायमोज्यांत, परकराच्या काठात इतकी घुसायची की आजी संध्याकाळी ओटीवर बसून एकेक उपटायची. आता या धाग्याच्या निमित्तानं म्हणावंसं वाटतं, घाटातलं मुसळ निसटलं आणि भरपाई म्हणून माळाचं कुसळ उपटलं.

नीलपंख

कुसुमाग्रणी, वाक्य जपून ठेवतोय! अवांतराला अवांतर: त्या कुसळाला ओल लागली की ते पिळे घेत स्वतःला मातीत रोवून घेतं. पेरणी करायला कुणी लागत नाही.

लीड्सकर

इंग्लंडमधून. इथे १२ फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या बांधकामांना सक्ती आहे: बांधकामाआधी त्या जागेवर जितका निसर्ग होता त्यापेक्षा किमान १० टक्के जास्त निर्माण करा आणि तो ३० वर्षं राखा. लहान बांधकामांना त्याच वर्षी एप्रिलपासून लागू झालं. जागेवर जमत नसेल तर शेतकऱ्यांकडून युनिटं विकत घ्यायची, तेही नसेल तर सरकारकडून, आणि सरकारी युनिटं मुद्दाम महाग ठेवली आहेत.

माळावरचा यांच्या पहिल्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे, म्हणून हिशोब सांगतो. युनिट म्हणजे झाडं मोजत नाहीत. क्षेत्रफळ गुणिले तो अधिवास किती वैशिष्ट्यपूर्ण, गुणिले त्याची स्थिती कशी, असं मोजतात. रानफुलांचं जुनं गवताळ कुरण सगळ्यात वरच्या श्रेणीत येतं, लागवडीचं सूचिपर्णी रोपवन बरंच खाली. त्यामुळे कुरणावर झाडं लावून 'निसर्ग वाढवला' असं इथल्या गणितात म्हणताच येत नाही, उलट युनिटं घटतात. भरपाई लांब केली तर तिचं मोल कमी धरतात. अधिवास तयार व्हायला जितकी वर्षं लागतील तितकी आणखी कपात. प्राचीन वनांसारख्या गोष्टी भरून न येणाऱ्या म्हणून या हिशोबातूनच बाहेर ठेवल्या आहेत.

आता दोष. आम्ही राहतो त्या नव्या वसाहतीच्या नकाशात मागे 'रानफुलांचं कुरण' दाखवलं होतं. देखभाल करणारी माणसं दर पंधरा दिवसांनी यंत्र फिरवून ते हिरवळीसारखं कापत होती. मी नकाशा काढून दाखवला तेव्हा त्यांचा मुकादम म्हणाला, मला हे कुणी दाखवलंच नाही. मुरुमाच्या ढिगाचं वाचताना तो मुकादम आठवला. तपासायला स्थानिक परिषदेकडे माणसं अपुरी. कागदावरची दहा टक्के वाढ ३० वर्षं कोण मोजत बसणार, ही इथली खरी काळजी आहे.

टेक्सासवासी

लीड्सकरांच्या पोस्टला जोड. अमेरिकेत १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्यामुळे पाणथळ जागा बुजवायची तर परवाना लागतो आणि भरपाई करावी लागते. त्यातून पाणथळ 'बँका' उभ्या राहिल्या. कुणीतरी आधीच दलदल पूर्ववत करून ठेवतो आणि तिची क्रेडिटं विकतो. भरपाई आधी आणि तोड नंतर, हा त्यातला भाग मला मोलाचा वाटतो. पण २०२३ च्या सॅकेट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायद्याखाली येणाऱ्या पाणथळांची व्याख्याच आक्रसवली. ज्या दलदलीला कायदा लागू नाही, तिच्यासाठी क्रेडिट कोण विकत घेईल? हा बाजार कायद्याच्या खांबावर उभा असतो. खांब कापला की मंडप खाली.

हिशोबनीस

आपल्याकडे आता ग्रीन क्रेडिट, म्हणजे झाडं लावणाऱ्याला क्रेडिट देणारी केंद्राची योजना, आलंय, त्यावर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. नियम ऑक्टोबर २०२३ चे. फेब्रुवारी २०२४ च्या पद्धतीत हेक्टरी किमान ११०० झाडं आणि दोन वर्षांनी झाडामागे एक क्रेडिट असं होतं. त्यावर बरीच टीका झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये बदल केला: पाच वर्षं थांबायचं आणि किमान ४० टक्के छत्र यायला हवं, म्हणजे वरून पाहिलं तर झाडांच्या पानांनी ४० टक्के जमीन झाकलेली हवी.

झाडं जगली की नाही हे बघितलं जाणार, ही सुधारणा आहे. पण माळाच्या दृष्टीने वाचा. निवडायच्या जमिनींत झुडपी जमीन आणि पडीक जमीन आली आहे. निरोगी माळावर ४० टक्के छत्र कधीच नसतं, असलं तर तो माळ उरत नाही. या मापात चांगला माळ नापास होतो आणि बिघडवलेला माळ उत्तीर्ण.

वैदर्भी_रानफूल

झुडपी म्हटल्यावर आम्हाला बोलावंच लागते. पूर्व विदर्भातल्या झुडपी जंगलाचं घोंगडं किती दशकं भिजत पडलं होतं. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन वनजमीनच आहे. आणि त्यात एक अट टाकली, जी या धाग्यासाठी महत्त्वाची: बिगरवन जमीन उपलब्ध नाही असं मुख्य सचिवांनी प्रमाणित केल्याशिवाय झुडपी जंगल पर्यायी वनीकरणासाठी वापरायचं नाही. नाहीतर जंगल तोडा आणि भरपाई म्हणून जंगलच दाखवा, असं चाललं असतं.

दुसऱ्या प्रश्नावर, म्हणजे पैशाने निसर्ग वाचतो का, यावर आमच्याकडचं पाचगाव सांगते. चंद्रपूर जिल्हा, गोंडपिपरी तालुका. २०१२ मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, हजार हेक्टरवर. गाव बांबू विकते, मजुरी गावातच राहते. म्हणजे बाजार आहेच. पण तेंदूपत्ता, जो सगळ्यात रोखीचा, तो त्यांनी स्वतः ठरवून बंद केला, कारण त्यासाठी फांद्या छाटतात आणि आगी लावतात. कोणती वस्तू विकायची आणि कोणती नाही, हे ज्याच्या हातात आहे तो बाजारातही जंगल राखू शकते. मास्तरांच्या माळावर हा अधिकार कुणाकडे होता? फलक लागेपर्यंत गावाला माहीत तरी होतं का?

माळावरचा

वैदर्भी_रानफूल, तुम्ही नेमकं दुखतं तिथे बोट ठेवलंत. ग्रामपंचायतीचा ठराव झालेला आहे, मी कागद पाहिला. विषयपत्रिकेवर 'वृक्षलागवडीस जागा देणे' एवढंच. वृक्षलागवडीला कोण नाही म्हणणार? मीही त्या सभेत असतो तर हात वर केला असता. घाट, रस्ता, भरपाई, चराईबंदी यातला एकही शब्द त्यात नाही.

कोकणकन्या_८१

वेळासचं कुणी लिहिलं नाही म्हणून दोन ओळी. २००२ च्या सुमारास सह्याद्री निसर्ग मित्रची मंडळी तिथे कासवांची अंडी राखायला लागली, मग कासव महोत्सव आला. लोक पहाटे पिल्लं समुद्रात जाताना बघायला येतात, गावातल्या घरांत राहतात, आमटी-भात जेवतात, पैसे देतात. पूर्वी अंडी खणून नेली जात, आता त्याच अंड्यांवर गावाचा पहारा असतो. हाही बाजारच, फक्त इथे काही तोडून मग भरपाई दिलेली नाही. जे आहे तेच राखण्याचे पैसे मिळतात.

अभियंता_सातारकर

वेळास आणि पाचगाव दोन्ही पटले. पण रस्ते, धरणं, वीजवाहिन्या होणारच आहेत, तिथे वेळास होऊ शकत नाही. मादागास्करमध्ये अंबाटोवी नावाची निकेलची मोठी खाण आहे. तिथे खाणीत जितकं जंगल गेलं साधारण तितकीच तोड दुसऱ्या जंगलांत रोखली गेली, असं २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. म्हणजे नीट केलं तर जमतं. सगळीच भरपाई खोटी, असं म्हणू नये.

खाडीकाठ

जमतं, मानलं. पण रोखलेली तोड कुणाची होती? तिथल्या डोंगरातल्या शेतकऱ्याची. खाण तोडते आणि शेतकऱ्याची फिरती शेती थांबते. मास्तरांकडे रस्ता तोडतो आणि धनगर हटतो. खर्च कुणी भरला ते बघा, अभियंतासाहेब.

अभियंता_सातारकर

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. मोबदल्याच्या तक्त्यात शेतमालकाचा रकाना असतो, मेंढपाळाचा मी २२ वर्षांत भरलेला नाही.

निवृत्त_वनपाल

चर्चा चांगली चालली आहे, पण मास्तरांच्या हाती काही द्यायला हवं. ते २५ हेक्टर आता वन म्हणून नोंदले जाणार, तिथून मागे येणं अवघड. पण अख्खं गायरान २५ हेक्टरचंच आहे का? उरलेलं असेल तर तीन गोष्टी करा.

जैवविविधता कायदा २००२ चा आहे, त्याखाली गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, निदान कागदावर असते. तिची लोकजैवविविधता नोंदवही मागवा आणि माळाचं पान भरा. गवतं, पक्षी, बिळं, मेंढरांच्या वाटा, सगळं, तारखेसह. धनगरांना सोबत घ्या, २००६ च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांचे हंगामी चराईचे हक्क लिहिलेले आहेत आणि कुंपणाच्या आतल्या जमिनीबाबत ते उपयोगी पडू शकतात. तिसरं, ग्रामसभेचा ठराव. 'वृक्षलागवडीस जागा' याच्या शेजारी 'उर्वरित गायरान कुरण म्हणून राखणे' असा स्पष्ट शब्द येऊ द्या. पुढचा अधिकारी जागा शोधत येईल तेव्हा त्याला कागद दिसला पाहिजे. कागद दिसला की तो पुढच्या गावाला जातो, हे मी अनुभवाने सांगतो.

मृण्मयी_क

काका, आणि पुढच्या गावालाही असाच कागद हवा. मास्तरांचा मसुदा झाला की इथे चिकटवा, बाकीच्या गावांना वापरता येईल.

माळावरचा

दोन महिन्यांनी येतोय, उशिराबद्दल क्षमस्व.

गायरानाचा दक्षिणेकडचा उतार, साधारण ४० हेक्टर, अजून मोकळा आहे. नोंदवही पंचायतीच्या कपाटात सापडली, माळाचं पान कोरं होतं. धनगरांचा वाडा कोकणात उतरायच्या आत त्यांच्यातल्या एका आप्पांना घेऊन तो उतार पायी फिरलो. सोबत सातवीची नऊ मुलं. आप्पांनी एका दुपारी सतरा गवतांची नावं सांगितली. मला त्यातली पाच ठाऊक होती. कोणतं गवत दुभत्या मेंढीला, कोणतं कोकराला, कोणतं पावसाआधी तोंडात धरू द्यायचं नाही, असं प्रत्येकाचं वेगळं. मुलींनी वहीत नमुने चिकटवले आणि खाली आप्पांच्या शब्दांत लिहिलं. तेच कागद नोंदवहीत लावले.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव मांडला. दोघांनी विरोध केला, त्यांना त्या उतारावर सौर प्रकल्पाचं भाडं हवं आहे, आणि त्यांची अडचण मी समजू शकतो. शेवटी पाच वर्षांसाठी कुरण म्हणून राखायचं असं ठरलं. कायमचं नाही, पाच वर्षं. मसुदा खाली प्रतिसादात देतो.

कुंपणाच्या आतल्या खड्ड्यांत रोपं हातभर झाली आहेत. मधल्या पट्ट्यात पवन्या अजून आहे.

नीलपंख

मी आणि आणखी दोघं पुढच्या रविवारी पहाटे येतो, हिवाळी पाहुणे मोजायला. नोंदवहीत पक्ष्यांचं पानही भरून टाकू. मास्तर, आप्पांचा वाडा निघाला का?

माळावरचा

वाडा दिवाळीनंतर निघाला, आता मिरगाला भेट. या तुम्ही. फाट्यावर सहाला थांबतो. पाणी सोबत घ्या, वर नाही. आणि पायमोजे घालू नका, कुसुमाग्रणींची आजी इथे नाही. :)